ड्रॉपडाउन निवडसूचीचे स्थलांतर

ड्रॉपडाउन निवडसूचीचे स्थलांतर म्हणजे चित्रात्मक वापरकर्ता अंतरपृष्ठ असलेल्या आज्ञावलीतील जुन्या पद्धतीचा निवडसूची घटक (विजेट) काढून त्याच्या जागी त्याच कामासाठी उपलब्ध झालेला नवा घटक बसवण्याची प्रक्रिया होय. साधनसंचाच्या नव्या आवृत्तीत जुना घटक कालबाह्य घोषित होतो किंवा वगळला जातो, तेव्हा हे स्थलांतर करावे लागते. जीटीके या साधनसंचात ऑप्शन मेनू व कॉम्बो यांच्याकडून कॉम्बोबॉक्सकडे आणि कॉम्बोबॉक्सकडून ड्रॉपडाउनकडे असे दोन वेळा झालेले स्थलांतर हे याचे ठळक उदाहरण आहे. टीके, जावा, क्यूट आणि व्हिज्युअल बेसिक या साधनांतही अशीच स्थित्यंतरे झाली आहेत.

वरवर पाहता हा केवळ एक घटक बदलून दुसरा लावण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात मात्र जुन्या आणि नव्या घटकांत 'निवड' या गोष्टीची साठवण, तिचा आरंभ आणि तिच्यातील बदलाची सूचना यांचे नियम वेगळे असतात. त्यामुळे स्थलांतरानंतर आज्ञावली कोणतीही त्रुटी न दाखवता चालू राहते, पण चुकीची नोंद साठवते, असे घडू शकते. या लेखात हा धोका नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या तालुकासूचीच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे.

## संज्ञा आणि स्वरूप

अनेक पर्यायांपैकी एक पर्याय निवडण्यासाठी कमी जागेत मावणाऱ्या घटकाला सर्वसाधारणपणे ड्रॉपडाउन सूची म्हणतात. मिटलेल्या अवस्थेत त्यात फक्त चालू निवड आणि खाली तोंड असलेला बाण दिसतो; त्यावर टिचकी मारल्यास पूर्ण यादी उघडते. सातबारा उतारा ऑनलाइन पाहताना जिल्हा, तालुका आणि गाव क्रमाने निवडावे लागतात, तेथे वापरला जातो तो याच प्रकारचा घटक होय.

या कुळातील घटकांची नावे साधनसंचानुसार बदलतात. *ऑप्शन मेनू* हे बटणाला जोडलेल्या मेनूचे नाव आहे. त्यात टंकलेखन करता येत नाही. *कॉम्बो बॉक्स* या नावातील 'कॉम्बो' हा शब्द मजकूरपेटी आणि यादी यांच्या संयोगावरून आला आहे. मूळ अर्थाने त्यात यादीबाहेरचा मजकूरही लिहिता येतो. पुढे केवळ निवडीपुरत्या घटकालाही कॉम्बो बॉक्स म्हटले जाऊ लागले. म्हणून स्थलांतर करताना नावापेक्षा मूळ घटकात लिहिण्याची मुभा होती की नव्हती, हे आधी पाहावे लागते.

कोणत्याही ड्रॉपडाउन घटकाचे तीन भाग कल्पिता येतात: पर्यायांची यादी म्हणजे *प्रतिमान*, ते पर्याय पडद्यावर कसे दिसावेत हे ठरवणारा *दर्शक*, आणि सध्या कोणता पर्याय निवडला आहे हे सांगणारी *निवडस्थिती*. जुन्या घटकांत हे तीनही भाग एकमेकांत मिसळलेले असत. नव्या घटकांचा कल ते वेगळे ठेवण्याकडे आहे.

## इतिहास

### जीटीके

जीटीके हा साधनसंच मूळात 'गिम्प' या चित्रसंपादन आज्ञावलीसाठी तयार झाला. त्याच्या पहिल्या पिढीत निवडसूचीसाठी दोन स्वतंत्र घटक होते. ऑप्शन मेनूमध्ये प्रत्येक पर्याय हा स्वतंत्र मेनू-घटक असे आणि आज्ञावलीला तो मेनू स्वतः बांधावा लागे. कॉम्बो या घटकात मजकूरपेटी व तिच्याखाली उघडणारी यादी होती.

मार्च २००४ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत हे दोन्ही घटक कालबाह्य घोषित करण्यात आले आणि त्यांच्या जागी कॉम्बोबॉक्स हा नवा घटक देण्यात आला. कॉम्बोबॉक्स आपले पर्याय वृक्षरूप प्रतिमानातून घेत असे आणि ते रंगवण्याचे काम 'सेल रेंडरर' नावाच्या सहायक घटकांवर सोपवत असे. केवळ मजकुराची साधी यादी दाखवण्यासाठीही ही रचना अवजड वाटत असल्याने २०११ च्या आरंभी आलेल्या २.२४ आवृत्तीत कॉम्बोबॉक्स-टेक्स्ट हा सोपा प्रकार स्वतंत्रपणे देण्यात आला. फेब्रुवारी २०११ मध्ये ३.० आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ऑप्शन मेनू आणि कॉम्बो हे दोन्ही घटक पूर्णपणे वगळण्यात आले. याच आवृत्तीत कॉम्बोबॉक्सला प्रत्येक पर्यायासोबत ओळखचिन्ह ठेवण्याची आणि त्या चिन्हावरून निवड करण्याची सोय मिळाली.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत ड्रॉपडाउन हा घटक प्रथम आला. तो वृक्षरूप प्रतिमानाऐवजी साध्या सूचीरूप प्रतिमानावर चालतो, आणि प्रत्येक पर्याय हा मजकुराची ओळ नसून एक वस्तू असते. पर्याय दाखवण्यासाठी सेल रेंडररऐवजी नेहमीचेच विजेट वापरले जातात. ते तयार करणाऱ्या घटकाला 'फॅक्टरी' म्हणतात. मार्च २०२३ मधील ४.१० आवृत्तीत कॉम्बोबॉक्स, कॉम्बोबॉक्स-टेक्स्ट आणि त्यांच्यासोबत वृक्षदर्शक व सेल रेंडररही कालबाह्य घोषित झाले. कालबाह्य घटक त्याच मुख्य आवृत्तीत चालू राहतात, परंतु संकलनाच्या वेळी इशारा मिळतो आणि पुढील मुख्य आवृत्तीत ते मिळण्याची खात्री नसते.

### इतर साधनसंच

*टीके* आणि पायथॉनमधील त्याचे रूप असलेल्या टीकेइंटर यांत आरंभी ऑप्शन मेनू हा एकच अंगभूत पर्याय होता. कॉम्बो बॉक्स हवा असल्यास टिक्स हे जोडग्रंथालय वापरले जाई. २००७ मध्ये आलेल्या टीके ८.५ पासून टीटीके या संचातील कॉम्बोबॉक्स उपलब्ध झाला. पायथॉनमधील टिक्स हे ३.६ आवृत्तीपासून कालबाह्य ठरले आणि ३.१३ आवृत्तीत काढून टाकण्यात आले.

*जावा* भाषेत १९९६ च्या पहिल्या आवृत्तीतील एडब्ल्यूटी संचात चॉइस हा घटक होता. १९९८ मध्ये स्विंग संच जावा १.२ चा भाग झाला आणि त्यातील जे-कॉम्बोबॉक्स या घटकाने त्याची जागा घेतली. चॉइसमध्ये केवळ मजकूर ठेवता येत असे. जे-कॉम्बोबॉक्समध्ये कोणतीही वस्तू ठेवता येते व ती कशी दिसावी हे वेगळे ठरवता येते.

*व्हिज्युअल बेसिक ६* मध्ये प्रत्येक पर्यायासोबत एक पूर्णांक जोडून ठेवण्याची 'आयटेम डेटा' ही सोय होती. डॉट नेटमध्ये गेल्यावर ती राहिली नाही. तिच्याऐवजी विदास्रोत जोडून दिसणारे क्षेत्र कोणते आणि मूल्याचे क्षेत्र कोणते, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

*क्यूट* या साधनसंचात घटकाचे नाव कायम राहिले, पण आतील रचना बदलली. चौथ्या आवृत्तीपासून (२००५) त्यामागे प्रतिमान-दर्शक रचना आली. पुढे निवड बदलल्याची सूचना मजकुराच्या रूपात देणारी रूपे ५.१५ मध्ये कालबाह्य झाली आणि सहाव्या आवृत्तीत वगळली गेली. नाव तेच राहिल्याने स्थलांतराची गरज नाही असा समज होतो; तो या ठिकाणी चुकीचा ठरतो.

## स्थलांतराची कारणे

साधनसंच नवे घटक आणतात त्यामागे प्रामुख्याने पुढील कारणे असतात.

* मोठ्या याद्या. मेनूवर आधारलेली जुनी सूची सर्व पर्याय एकदम तयार करते. पंधरा-वीस पर्यायांपुरते हे ठीक असते. पण नांदेडसारख्या हजाराहून अधिक गावे असलेल्या जिल्ह्यातील गावांची यादी अशा मेनूत उघडल्यास ती पडदाभर पसरते आणि हवे ते गाव सापडत नाही. नवे घटक पडद्यावर दिसणाऱ्या ओळींपुरतेच विजेट तयार करतात आणि यादी सरकवताना तेच पुन्हा वापरतात.
* शोधसुविधा. काही अक्षरे टंकून यादी आकुंचित करण्याची सोय जीटीकेच्या ड्रॉपडाउनमध्ये अंगभूत आहे.
* विदा आणि दर्शन यांची फारकत. एकच प्रतिमान दोन-तीन घटकांना पुरवता येते व त्यात बदल केल्यास तो सर्वत्र दिसतो.
* सुलभता. पडदावाचकाला घटकाची भूमिका आणि चालू निवड कळवण्याची व्यवस्था नव्या घटकांत अधिक सुसंगत असते.

## उदाहरण: नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची तालुकासूची

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत: अर्धापूर, उमरी, कंधार, किनवट, देगलूर, धर्माबाद, नांदेड, नायगाव, बिलोली, भोकर, माहूर, मुखेड, मुदखेड, लोहा, हदगाव आणि हिमायतनगर. लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत: अहमदपूर, उदगीर, औसा, चाकूर, जळकोट, देवणी, निलंगा, रेणापूर, लातूर आणि शिरूर अनंतपाळ. दोन्ही याद्या येथे मराठी वर्णक्रमाने दिल्या आहेत.

एखाद्या प्रवेश-अर्जाच्या आज्ञावलीत पहिल्या सूचीतून जिल्हा आणि दुसऱ्या सूचीतून तालुका निवडायचा आहे, असे मानू. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. त्यामुळे या भागातील विद्यार्थ्याला अशी सूची परिचयाची असते. या काल्पनिक आज्ञावलीचे स्थलांतर करताना चार ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो.

### स्थानक्रमांकाची साठवण

जुन्या आज्ञावलींत निवडलेल्या पर्यायाचा यादीतील स्थानक्रमांक थेट साठवण्याची पद्धत सर्रास आढळते. मोजणी शून्यापासून होत असल्याने वरील नांदेडच्या यादीत नांदेड तालुक्याचा क्रमांक ६ येतो. स्थलांतराच्या वेळी यादीच्या वर 'तालुका निवडा' ही सूचनेची ओळ घातली, की प्रत्येक तालुका एका स्थानाने खाली सरकतो आणि जुन्या नोंदींतील ६ या क्रमांकाचा अर्थ धर्माबाद असा होतो.

यादीचा क्रम बदलल्यास परिणाम अधिक फसवा असतो. पूर्वी मराठी वर्णक्रमाने असलेली यादी नव्या आवृत्तीत इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने भरली, तर क्रमांक ६ वर हिमायतनगर येते. मात्र अर्धापूर (क्रमांक ०) आणि माहूर (क्रमांक १०) हे दोन तालुके दोन्ही क्रमांत एकाच स्थानी राहतात. चाचणी घेणाऱ्याने यादीतील पहिलाच तालुका निवडून पाहिला, तर सर्व काही बरोबर असल्याचे दिसते. मुखेड आणि मुदखेड यांची तर केवळ आपसांत अदलाबदल होते: मराठी क्रमात मुखेड ११ व मुदखेड १२, तर इंग्रजी क्रमात मुदखेड ११ व मुखेड १२. एका अक्षराच्या फरकाची ही नावे छापील अहवालात वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतात. लातूरच्या यादीत अहमदपूर, जळकोट, निलंगा आणि रेणापूर हे चार तालुके दोन्ही क्रमांत जागेवर राहतात व उरलेले सहा चुकतात. दहांपैकी चार नोंदी बरोबर निघाल्याने चूक यादीच्या क्रमात आहे, हा संशय उशिरा येतो.

### नावाची साठवण

क्रमांकाऐवजी दिसणारे नाव साठवणे तुलनेने सुरक्षित असले, तरी निर्दोष नाही. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. ज्या आज्ञावलीने जिल्ह्याचे नाव साठवले, तिला जुनी नोंद उघडताना 'उस्मानाबाद' हा पर्याय नव्या यादीत सापडत नाही आणि निवड रिकामी राहते. नावे एकमेकांसारखी असणे ही दुसरी अडचण आहे. शिरूर नावाचा तालुका पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीड जिल्ह्यात आणि शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात. नुसते 'शिरूर' असे लिहिलेल्या नोंदीवरून तालुका ठरवता येत नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे प्रत्येक पर्यायासोबत न बदलणारा संकेतांक ठेवणे आणि साठवणीसाठी फक्त तोच वापरणे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७, नांदेड जिल्ह्याचा ५११, लातूरचा ५२४ आणि तत्कालीन उस्मानाबादचा ५२५ होता. ५२५ या संकेतांकाने साठवलेली नोंद जिल्ह्याचे नाव बदलले तरी त्याच जिल्ह्याकडे निर्देश करते. यादीत दिसणारे नाव तेवढे बदलावे लागते.

संकेतांकाने नामांतराचा प्रश्न सुटतो, विभाजनाचा सुटत नाही. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, तर हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीची कागदपत्रे संगणकावर चढवताना कोणते गाव आता कोणत्या जिल्ह्यात येते, हे स्वतंत्र तक्त्यावरूनच ठरवावे लागते. ते काम निवडसूचीच्या घटकाचे नाही आणि त्याच्यावर सोपवूही नये.

### प्रारंभिक निवड

जीटीकेचा कॉम्बोबॉक्स भरला तरी वापरकर्त्याने किंवा आज्ञावलीने काही निवडेपर्यंत तो रिकामा राहतो. ड्रॉपडाउनला प्रतिमान दिले की त्यातील पहिला पर्याय आपोआप निवडला जातो. हा फरक लक्षात न घेता घटक बदलल्यास, नांदेड जिल्हा निवडून तालुक्याच्या सूचीला हात न लावता अर्ज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाची नोंद अर्धापूर तालुक्यात होते. लातूरच्या बाबतीत ती अहमदपूर तालुक्यात जाते. जुन्या आज्ञावलीत अशा अर्जाला 'तालुका निवडलेला नाही' असा इशारा मिळत असे. नव्या आज्ञावलीत तो कधीच मिळत नाही. आज्ञावली बंद पडत नाही आणि वापरकर्त्यालाही काही वावगे दिसत नाही. पहिल्या नावाच्या तालुक्याची संख्या अकारण फुगलेली दिसते, तेव्हाच चूक उघडकीस येते.

यासाठी प्रतिमान दिल्यानंतर लगेच 'काहीही निवडलेले नाही' ही स्थिती आज्ञावलीने स्वतः लावावी लागते, किंवा पहिली ओळ सूचनेची ठेवून ती निवडलेली असताना अर्ज स्वीकारू नये.

### परस्परावलंबी सूची

जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी बदलते. जुन्या पद्धतीत यादीतील ओळी एकेक पुसून नव्या भरल्या जात. नव्या पद्धतीत संपूर्ण प्रतिमानच बदलले जाते. कोणत्याही पद्धतीत जुना स्थानक्रमांक जपून ठेवून तो नव्या यादीला लावणे धोक्याचे असते. नांदेडमधील किनवट (क्रमांक ३) निवडल्यानंतर जिल्हा लातूर केल्यास तोच क्रमांक चाकूरकडे निर्देश करतो. मुखेडचा क्रमांक ११ मात्र लातूरच्या दहा ओळींच्या यादीत अस्तित्वातच नसतो. पहिल्या प्रकारात चुकीची नोंद होते, दुसऱ्यात आज्ञावली अडखळते. त्यांपैकी अडखळणारी चूक लवकर सापडत असल्याने ती कमी हानिकारक ठरते.

## जीटीकेतील तीन पिढ्यांची तुलना

| बाब | ऑप्शन मेनू | कॉम्बोबॉक्स | ड्रॉपडाउन |
|---|---|---|---|
| आरंभ | पहिली पिढी | २.४ (२००४) | ४.० (२०२०) |
| सद्यस्थिती | ३.० मध्ये वगळला | ४.१० पासून कालबाह्य | प्रचलित |
| पर्यायांचा स्रोत | मेनू आणि मेनू-घटक | वृक्षरूप प्रतिमान | सूचीरूप प्रतिमान |
| पर्याय दाखवणारा | मेनू-घटक स्वतः | सेल रेंडरर | फॅक्टरीने तयार केलेले विजेट |
| निवड नसल्याचे चिन्ह | उणे १ | उणे १ | अवैध स्थानाचा विशेष स्थिरांक |
| बदलाची सूचना | 'चेंज्ड' संकेत | 'चेंज्ड' संकेत | 'सिलेक्टेड' गुणधर्म बदलल्याची सूचना |
| ओळखचिन्हावरून निवड | नाही | आहे (३.० पासून) | नाही, वस्तूतच ठेवावे लागते |
| यादीबाहेरचा मजकूर | नाही | लिहिता येतो | लिहिता येत नाही |

तक्त्यातील पाचवी ओळ विशेष लक्ष देण्याजोगी आहे. कॉम्बोबॉक्समध्ये निवड नसल्यास उणे १ हे मूल्य मिळत असल्याने 'मूल्य शून्याहून कमी असल्यास इशारा द्या' अशी तपासणी लिहिली जाई. ड्रॉपडाउनचे स्थान हा चिन्हरहित पूर्णांक आहे आणि निवड नसल्यास त्याचे मूल्य त्या प्रकारातील सर्वांत मोठी संख्या, म्हणजे ४,२९४,९६७,२९५ असते. ही संख्या शून्याहून कमी कधीच नसते. पायथॉनसारख्या भाषेत जुनी तपासणी तशीच ठेवल्यास ती निरुपयोगी होते आणि कोणताही इशारा मिळत नाही. सी भाषेत परिणाम चलाच्या प्रकारावर अवलंबून असतो, म्हणून तेथेही तुलना त्या विशेष स्थिरांकाशीच करणे योग्य ठरते.

## स्थलांतराची पद्धत

मोठ्या आज्ञावलीत सर्व सूची एकाच वेळी बदलण्यापेक्षा पुढील क्रम सोयीचा असतो.

1. पाहणी. प्रत्येक सूचीसाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे: मजकूर लिहिण्याची मुभा आहे का, निवड रिकामी चालते का, आणि साठवले काय जाते—क्रमांक, नाव की संकेतांक.
2. साठवण आधी बदलणे. जुना घटक कायम ठेवूनच नोंदींतील क्रमांकांचे संकेतांकांत रूपांतर करणे. हे रूपांतर ज्या यादीवरून ते क्रमांक साठवले गेले त्याच यादीवरून करावे लागते. म्हणून जुन्या यादीची प्रत, तिच्या मूळ क्रमासह, जपून ठेवणे आवश्यक आहे.
3. पर्यायांना वस्तूचे रूप देणे. तालुक्याची वस्तू संकेतांक, नाव आणि जिल्ह्याचा संकेतांक अशा तीन गुणधर्मांची करणे. कॉम्बोबॉक्समध्ये ओळखचिन्ह घटकाकडे असे. ड्रॉपडाउनमध्ये ते वस्तूकडे जाते आणि निवडलेल्या वस्तूकडूनच विचारून घेतले जाते.
4. घटक बदलणे. फॅक्टरी व प्रतिमान जोडणे, प्रारंभिक निवड स्पष्टपणे लावणे आणि निवड नसल्याची तपासणी नव्या स्थिरांकाने करणे.
5. बदलाच्या सूचना तपासणे. निवड वापरकर्त्याने बदलली की आज्ञावलीने, हा भेद बहुतेक साधनसंचांत मूळ सूचनेतून कळत नाही. जीटीकेमध्ये जुनी नोंद उघडून निवड लावतानाही सूचना येते. टीटीके कॉम्बोबॉक्सची 'निवड झाली' ही घटना मात्र वापरकर्त्याच्या निवडीनंतरच येते. क्यूटमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळ्या सूचना आहेत.
6. चाचणी. केवळ पहिला पर्याय न तपासता यादीच्या मधले आणि शेवटचे पर्याय, रिकामी निवड, तसेच जिल्हा बदलल्यानंतरची स्थिती तपासणे. जुनी नोंद उघडून काहीही न बदलता पुन्हा साठवली असता ती जशीच्या तशी राहते का, ही चाचणी सर्वांत उपयुक्त ठरते.

## मराठी मजकुराशी संबंधित बाबी

जीटीकेच्या पहिल्या पिढीत देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या योग्य रीतीने मांडण्याची व्यवस्था नव्हती. २००२ मधील २.० आवृत्तीत पँगो हे मजकूरमांडणीचे ग्रंथालय आले आणि घटकांचा मजकूर युनिकोडमध्ये ठेवला जाऊ लागला. त्यामुळे पहिल्या पिढीतून पुढे येणे मराठी आज्ञावलींसाठी केवळ सोयीचे नव्हे, तर आवश्यकच होते.

महाराष्ट्रात युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम या प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरल्या जात. फॉन्टवर आधारित अशा लेखनात अक्षरांचे आकार इतर संकेतांकांच्या जागी बसवलेले असतात. या पद्धतीने साठवलेली तालुक्यांची नावे त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत आणि त्यांची वर्णक्रमवारीही अर्थहीन ठरते. अशा आज्ञावलीचे स्थलांतर करताना नावांचे युनिकोडमध्ये रूपांतर ही वेगळी पायरी घ्यावी लागते.

वर्णक्रमाचा प्रश्न युनिकोडमध्येही पूर्णपणे सुटत नाही. मराठी वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते आणि क्ष, ज्ञ ही जोडाक्षरे शेवटी मानली जातात. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हे ल च्या लगेच पुढे आहे. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेली गावांची यादी त्यामुळे मराठी शब्दकोशाच्या क्रमाशी जुळत नाही. यासाठी मराठीचे क्रमनियम जाणणारी वर्गवारी वापरावी लागते.

शोधसुविधेबाबतही काळजी घ्यावी लागते. जीटीकेच्या ड्रॉपडाउनमधील शोध मूळ स्वरूपात नावाच्या आरंभापासून जुळवणी करतो. त्यामुळे 'अनंतपाळ' असे टंकल्यास शिरूर अनंतपाळ सापडत नाही. ४.१२ आवृत्तीपासून नावाच्या मध्ये जुळणारा मजकूरही शोधण्याचा पर्याय देण्यात आला आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र कोणताही साधनसंच आपोआप दुर्लक्षित करत नाही. 'लातुर', 'उदगिर' किंवा 'शिरुर' असे लिहिणाऱ्याला लातूर, उदगीर, शिरूर सापडावेत असे वाटत असल्यास, ऱ्हस्व-दीर्घ एकरूप केलेले शोधनाम प्रत्येक वस्तूत वेगळे ठेवणे हा एक व्यवहार्य उपाय आहे.

## मर्यादा आणि आक्षेप

नवा घटक प्रत्येक बाबतीत जुन्याहून सरस असतोच असे नाही. जीटीकेच्या ड्रॉपडाउनमध्ये यादीबाहेरचा मजकूर लिहिण्याची सोय नसल्याने मजकूरपेटीसह वापरल्या जाणाऱ्या कॉम्बोबॉक्सला त्यात थेट पर्याय नाही; मजकूरपेटी आणि सूचनांची यादी यांची स्वतंत्र जुळणी करावी लागते. चार-पाच शब्दांच्या यादीसाठी केवळ मजकुराचे प्रतिमान पुरते, पण संकेतांकासह पर्याय ठेवायचे झाल्यास स्वतंत्र वस्तुवर्ग लिहावा लागतो. कॉम्बोबॉक्स-टेक्स्टमध्ये हेच काम एका ओळीत होत असे. चालू स्थितीत असलेल्या आज्ञावलीचे घटक केवळ साधनसंचाच्या निर्णयामुळे पुन्हा लिहावे लागतात, हाही एक नेहमीचा आक्षेप आहे.

तथापि संकेतांक, दिसणारे नाव आणि यादीतील स्थान या तीन गोष्टी आधीच वेगळ्या ठेवलेल्या असतील, तर हे काम बरेच मर्यादित राहते. अशा आज्ञावलीत घटक बदलला तरी साठवलेल्या नोंदींना हात लावावा लागत नाही, आणि पुढे एखाद्या जिल्ह्याचे नाव बदलले किंवा नवा तालुका निर्माण झाला तरी जुन्या नोंदींचा अर्थ कायम राहतो.

## हेसुद्धा पहा

* चित्रात्मक वापरकर्ता अंतरपृष्ठ
* जीटीके
* युनिकोड
* देवनागरी
* नांदेड जिल्हा
* लातूर जिल्हा